फुटलेला वस्तऱ्याचा दगड: जोडायचा की तोडायचा

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

पडला शेवटी. सिंकच्या काठावर ठेवू नको असं स्वतःलाच शंभरदा बजावून झालं होतं आणि शंभरही वेळा तिथेच ठेवला होता. एका हातात उघडा वस्तरा, दुसऱ्या हाताला साबण, दगड सरकतोय हे दिसतंय आणि काही करता येत नाहीये. पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर आपटला.

आधी दगड कुठला ते लिहून ठेवतो. कोटिक्यूल आहे, बेल्जियमच्या आर्डेन भागातला धार लावायचा तो प्रसिद्ध पिवळा दगड. काही वर्षांपूर्वी वापरलेलाच घेतलेला, १५० बाय ४० मिलिमीटर, वर पिवळा थर साधारण ६ मिलिमीटर आणि खाली काळसर पाटीच्या दगडाचा आधार १२ मिलिमीटर. खाणीत पिवळ्या दगडाच्या शिरा मुळातच पातळ निघतात आणि दगड ठिसूळ, म्हणून त्याला पाटीच्या दगडावर चिकटवून विकायची जुनी पद्धत आहे. काही दगडांत पिवळा आणि निळा थर निसर्गतःच एकमेकाला धरून असतात, पण तिथे मधली रेघ वेडीवाकडी असते. माझ्या दगडाची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ, म्हणजे चिकटवलेलाच.

आणि तेच आज दिसलं. पिवळा थर पाटीपासून अख्खा सुटला, मग त्याचे दोन तुकडे झाले. पाटीचा दगड मात्र धड, फक्त एका कोपऱ्याचा टवका गेलाय. पिवळ्याची चीर सरळ आडवी नाही, तिरकी आहे. मोठ्या तुकड्याची एक बाजू ११० आणि दुसरी ८० मिलिमीटर भरते, धाकट्याची ४० आणि ७०. शिवाय पिवळ्याच्याच एका कोपऱ्यातून अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडाला, तो अर्ध्या तासाने वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. काडेपेटीत घालून ठेवलाय.

४५ कोटी वर्षांहून जुना दगड. एवढं सगळं सोसलं आणि माझ्या बाथरूममध्ये गेला.

एक गोष्ट बरोबर केली, तुकडे एकमेकांवर घासून "बसतंय का" बघितलं नाही. फुटलेल्या कडेवरचे बारीक कण एकदा चुरले की जोड परत तसा घट्ट बसत नाही. नुसते जवळ ठेवून पाहिले. अगदी बरोबर बसतात, चीर केसाएवढी दिसते. म्हणजे जुळवता येईल. असं आज तरी वाटतंय.

४ ऑगस्ट, रविवार

साफसफाई. आधीच्या मालकाने या दगडावर तेल वापरलं होतं, घेतला तेव्हा तो चॉकलेटी दिसायचा. त्या वेळी मी शहाणपणा करून चांगल्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर बुडवून ठेवलेला. रंग खुलला, मी खूश. आज पाटीवरची जुनी राळ, म्हणजे थर चिकटवलेला जुना गोंद, ब्लेडने खरवडताना ती बिस्किटासारखी भुगा होत होती, तेव्हा कळलं की त्या गरम पाण्याने तिचा जीव तेव्हाच गेला असणार. पडणं हे निमित्त. जुने चिकटवलेले दगड गरम पाण्यात घालू नयेत हे आता मला कळलंय.

भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, दोनदा धुऊन वाळवलं. मग फुटलेल्या कडांवर ॲसिटोन, पांढऱ्या कापडाने, खिडकी उघडी ठेवून. कापडाला पिवळट डाग येत राहिला, पाचव्या फेरीला थांबला. पाण्याचा थेंब टाकून तपासलं, थेंब गोळा होऊन बसला तर तेल आहे आणि पसरला तर निघालं. पसरला.

कोटिक्यूल जवळजवळ पाणी पीत नाही त्यामुळे वाळायची चिंता नाही. कारखान्यात केलेला सच्छिद्र दगड असता तर दोन-तीन दिवस वाळवावा लागला असता, आणि गोंद आत शोषला जाऊन चिरेच्या दोन्ही बाजूंना कडक पट्टा तयार झाला असता जो दगडासारखा झिजत नाही. म्हणजे त्या बाबतीत मी नशीबवान.

५ ऑगस्ट, सोमवार

काम काही नाही, गोंदाचा विचार. झटपट गोंद म्हणजे सुपरग्लू हाताशी आहे आणि मोह होतोय, पण तो ठिसूळ असतो, बाजूने धक्का बसला की निखळतो आणि सतत ओल्या राहणाऱ्या वस्तूत हळूहळू कमजोर पडतो. केसाएवढ्या तड्यात झिरपवायला मात्र तो पातळवाला उत्तम. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी पण नको, तो पाण्यात थोडा रबरासारखा होतो आणि मला जुळवाजुळवीला वेळ पाहिजे. दोन ट्यूबवाला सावकाश सुकणारा, २४ तासवाला घ्यायचं ठरलं.

धाकट्या भावाला फोटो पाठवला. तोही वस्तऱ्याने दाढी करतो, मीच लावलेली सवय. त्याचं उत्तर: "दादा, दोन झाले ना, एक मला दे." काहीही.

१० ऑगस्ट, शनिवार

चिकटवला. पद्धत अशी की पाटीवर तुकडे बसवायचे नाहीत, तुकड्यांवर पाटी बसवायची. जाड काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावली (इपॉक्सी तिला धरत नाही), त्यावर पिवळे तुकडे पालथे, म्हणजे काम करायची बाजू काचेला टेकलेली. त्यामुळे दोन्ही तुकडे वरून एका पातळीत येणार आणि मागे जाडीत जो काही फरक असेल तो गोंद भरून काढणार. चिरेत गोंद फक्त मागच्या अर्ध्या उंचीला लावला, पुढच्या बाजूला मुद्दाम कोरडं ठेवलं, कारण वस्तऱ्याच्या वाटेत मला गोंद नको होता.

इपॉक्सी दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीच्या वाती काढून तीन मिनिटं घोटला. घोटण्यात आळस केला की मध्येमध्ये चिकट राहतो, हे पूर्वी एका तुटलेल्या हँडलवर शिकून झालंय.

मग खरी गंमत. ओला इपॉक्सी म्हणजे वंगण. पाटी ठेवली की खालचा धाकटा तुकडा सरकतो, तो नीट केला की थोरला सरकतो, एकाला धरावं तर दुसरा पळतो. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आडव्या-उभ्या गुंडाळल्या, त्यावर वजन म्हणून डिक्शनरी. हात काढला तेव्हा घड्याळात पाऊण तास गेलेला आणि माझ्या कोपरापर्यंत इपॉक्सी.

११ ऑगस्ट, रविवार

२४ तास पूर्ण व्हायच्या आधी उघडणार नाही म्हणून ठरवलं होतं. २२ तासांनी उघडला.

लांबून सुंदर. जवळून, पोलादी पट्टी थोरल्या तुकड्यावर आडवी ठेवून धाकट्यावर येऊ दिली तर पट्टी आणि धाकटा तुकडा यांच्यामध्ये छपाईचा एक कागद आरामात जातो, दोन अडतात. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे पायरी तेवढी किंवा थोडी जास्त. कारणही मिळालं, चिकटपट्टीत रुतून बसलेला पिवळा कण, बरोबर चिरेपाशी धाकट्याच्या खाली. साफसफाईला दोन तास दिले आणि शेवटी काच पुसायची राहिली.

सुरीच्या दगडाला ०.१ मिलिमीटर कोणी विचारत नाही. पण वस्तऱ्याची धार टोकाला एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असते आणि ०.१ मिलिमीटर म्हणजे १०० मायक्रॉन. तिच्यासाठी ही पायरी नाही, कडा आहे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी सपाट करायला बसलो. काचेवर ओला पॉलिश पेपर, काळा, सिलिकॉन कार्बाइडचा, ३२० नंबर. दगडावर पेन्सिलने चौकटी आखल्या, पाणी टाकून इंग्रजी आठच्या आकड्यात घासायचं, जिथली पेन्सिल पुसली नाही तो भाग अजून खाली आहे असं समजायचं. सगळं ओलंच करायचं. या दगडांत आणि विशेषतः पाटीच्या दगडात क्वार्ट्झ असतं, कोरडं घासून उडालेली धूळ फुप्फुसात गेली की तिथेच बसते, सिलिकोसिस त्यातूनच होतो. पाणी असलं की धूळ उडतच नाही. नंतर पुसलेलं फडकं पण वाळायच्या आत धुवायचं.

थोरल्यावरची पेन्सिल पाच मिनिटांत गेली. धाकट्यावरची चिरेजवळची रेघ चाळीस मिनिटांनी गेली. तेवढ्यात तीन कागद संपले आणि काचेवर बासुंदीसारखा पिवळा गाळ साठला. तो पुसताना जीव तुटत होता, कारण हाच गाळ म्हणजे या दगडाचं सगळं कर्तृत्व. त्यात गार्नेटचे कण असतात, मँगनीजवालं स्पेसार्टीन नावाचं गार्नेट, ५ ते १५ मायक्रॉन. आकडा ऐकून भरड वाटतं, कारण कृत्रिम दगडांच्या जपानी मापात ८००० नंबरचा कण १.२ मायक्रॉनचा आणि १००० नंबरचा ११.५ चा. मग हा दगड १००० सारखा ओरबाडत का नाही? कारण हे कण टोकदार काचेसारखे नसतात, बारा बाजूंच्या गोलसर गोट्यांसारखे असतात, बाहेर डोकावणारा कोपरा उथळ चरा पाडतो आणि पुढे जातो.

शेवटी ६०० नंबरचा हात फिरवला. चिरेवर कागदाच्या घडीने हलकी खाच काढली, म्हणजे कडा मोडून इंग्रजी व्ही सारखी उथळ घळ झाली. तिथले सैल कण गेले पाहिजेत, नाहीतर कधीतरी सुटून धारेखाली येणार.

आता पायरी नाही. नखाने चाचपलं तर फक्त घळ लागते.

१७ ऑगस्ट, शनिवार

चाचणी. चांगला वस्तरा नाही वापरला, धाडस करायला एक खडबडीत जुना वस्तरा ठेवलाय त्याला आधी १००० नंबरच्या दगडावर बेव्हल, म्हणजे धारेचे दोन्हीकडचे उतार, करून घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वस्तऱ्याला कोन हाताने धरायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवून चालवायचं, कोन पात्याच्या घडणीतच आहे. धार पुढे, पाठ मागे, आणि दगड पात्यापेक्षा अरुंद असेल तर तिरकं ओढत नेत मुठीपासून टोकापर्यंतची सगळी धार दगडावरून जाऊ द्यायची.

पहिल्याच फेरीला आवाज आला. टक्. अगदी बारीक, लक्ष दिलं नसतं तर कळलंही नसतं. परत येताना नाही. पुढे जाताना परत टक्. येताना शांत.

भिंगाखाली पाहिलं, ३० पटींचं छोटं भिंग आहे, तर धारेच्या एका बाजूने करवतीसारखे बारीक दाते. दुसरी बाजू स्वच्छ. आधी वाटलं पायरी राहिली. पट्टी लावली, नाही. मग वाटलं खाच खोल झाली म्हणून दगड फिरवून उलट दिशेने चालवला, तरी पुढे जातानाच टक्.

चहा झाला, दोन तास झाले, आणि कागदावर चित्र काढताना ट्यूब पेटली. मी उजव्या हाताने वस्तरा थोडा तिरका धरतो, मुठीकडचं टोक पुढे. पुढे जाताना धार अशी "/" झुकते. परत येताना पातं पलटतं पण मूठ उजवीकडेच राहते आणि मुठीकडचं टोकच पुढे, म्हणजे धार आता "\" अशी. आणि माझी चीर आहे "/" अशी. ४० मिलिमीटर रुंदीत ३० मिलिमीटर तिरकी, जवळजवळ माझ्या हाताचाच कोन. जाताना धार चिरेला समांतर होते आणि दगडावर आहे तेवढी सगळी धार एकाच क्षणी घळीत उतरून पलीकडच्या काठाला आपटते. येताना ती चीर कात्रीसारखी ओलांडते, एका वेळी एकच बिंदू, म्हणून आवाज नाही. आणि दगड अर्धा फिरवून काय होणार, "/" ही रेघ अर्धी फिरवली तरी "/" च राहते. शाळेत भूमितीला बरे मार्क होते मला.

म्हणजे उपाय दोन. हात बदलायचा, पाते अगदी काटकोनात धरायला शिकायचं, जे अरुंद दगडावर मला जमत नाही. किंवा जोड सोडून द्यायचा.

१८ ऑगस्ट, रविवार

धाकटा भाऊ आला होता जेवायला. दगड हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाला, "दादा, तू हा जोडलास कशाला मुळात?"

मी म्हटलं, "पूर्ण दगड होता, पूर्ण करायला नको?"

"पण तू तर चार बोटांच्या तुकड्यावर पण धार लावतोस. ते वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे मिळतात ना कोटिक्यूलचे."

बरोबर आहे त्याचं. खाणीतून निघणारे असे अनियमित आकाराचे तुकडे "बूट" म्हणून सरळ विकले जातात (पायातले नव्हेत, फ्रेंचमध्ये तुकडा) आणि लोक त्यावर सुखाने धार लावतात. जुने न्हावीसुद्धा मोठे दगड कुठे वापरायचे. मी पंधरा दिवस दगड वाचवत नव्हतो, १५० मिलिमीटर हा आकडा वाचवत होतो. हे त्याच्यासमोर कबूल केलं नाही, इथे लिहितोय.

एक मात्र, हा निष्कर्ष वस्तऱ्यापुरता. सुऱ्यांच्या दगडाला तडा गेला असता तर इपॉक्सी, खाच, सपाटी एवढ्यावर मी खुशाल थांबलो असतो.

२४ ऑगस्ट, शनिवार

कापायचा दिवस. गरम करून इपॉक्सी सोडवता येतो का बघावं असा विचार होता, साधा इपॉक्सी ६०-७० अंशाला मऊ पडायला लागतो. पण गरम पाण्याने या दगडाचं एकदा काय केलं ते वर लिहिलंय, आणि पिवळ्या दगडाला एकदम ताप दिला तर नवे तडे जातील. कापणंच बरं.

चिरेची रेघ दोन्ही बाजूंनी खाली उतरवून पाटीवर पट्टीने जोडून घेतली. हॅकसॉच्या फ्रेममध्ये टाइल कापायची कार्बाइडचे कण लावलेली गोल तार बसवली. दगड उलटा, जाड कापडात, क्लॅम्पमध्ये, अगदी हलका आवळून. वरून बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाण्याची धार. पाटीचा दगड मऊ, १२ मिलिमीटर पंचवीस मिनिटांत. मग इपॉक्सीचा थर, तिथे तार चिकटत होती. मग चिरेतला गोंद, आणि इथे मी पुढच्या बाजूला गोंद न लावल्याचा फायदा झाला, शेवटचे ३ मिलिमीटर कापावेच लागले नाहीत. टिक् आवाज आला आणि दोन तुकडे हातात.

शेवटी हात आखडला होता पण एक टवकासुद्धा उडाला नाही. दोन्ही पिवळे थर पाटीला घट्ट. म्हणजे १० तारखेचं चिकटवणं वाया गेलं नाही, पाटी-पिवळा जोड पक्का आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

सगळ्या कडा गोल केल्या. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक सोडतात. तीक्ष्ण कड असली की तिथून कण सुटतात, आणि हातात धरायच्या दगडाची कड बोटालाही लागते. ४०० च्या ओल्या पेपरवर ४५ अंशात धरून प्रत्येक कडेला वीस-वीस घासण्या, साधारण १ मिलिमीटर सपाटी आली की मग गोल. थोरल्याचं तिरकं टोक जास्त मोडलं. पाटीचा तुटलेला कोपरा तसाच ठेवला, अंगठा तिथे छान बसतो.

पिवळा थर मोजला. थोरल्यावर ५.६ मिलिमीटर शिल्लक, धाकट्यावर ५.८. सपाट करण्यात एवढंच गेलं.

३१ ऑगस्ट, शनिवार

थोरल्या तुकड्यावर तोच जुना वस्तरा, आधी १००० वर नेऊन दाते काढून टाकले. या वेळी दगड टेबलावर नाही, डाव्या हातात. बोटं आणि अंगठा पाटीच्या बाजूला, पिवळ्या पृष्ठभागाच्या खाली, एकही बोट वर डोकावता कामा नये. हे मी दर दहा फेऱ्यांनी थांबून बघत होतो.

आणि आता महत्त्वाचं. इतकी वर्षं मी या दगडावर गाळ काढायला हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी वापरायचो, कारण त्याचा स्वतःचा छोटा घासणदगड नव्हता. हिरा कोटिक्यूलला भराभर खातो आणि अधूनमधून त्याचा एखादा भरड कण गाळात राहतो, ज्याचा चरा शेवटपर्यंत धारेत दिसतो. आज धाकटा तुकडा थोरल्यावर पाण्याच्या चार थेंबांत घासला. वीस सेकंदांत दुधासारखा गाळ, एकसारखा, बोटांना लोण्यासारखा. दोन्हीकडचे कण एकाच शिरेतले, परकं काही नाहीच.

त्या गाळात तीस फेऱ्या. मग एक थेंब पाणी, वीस फेऱ्या. परत एक थेंब. असं करत गाळ विरळ करत न्यायचा, दाट गाळ भराभर कापतो पण धार त्यातल्या कणांवर आपटून बोथटही होते, पातळ होत जातो तसा तो कमी कापतो आणि जास्त गुळगुळीत करतो. सात-आठ थेंबांनंतर नुसतं ढगाळ पाणी. मग दगड धुऊन स्वच्छ पाण्यावर पन्नास फेऱ्या, वजन फक्त पात्याचं.

हातात धरल्याचा एक फायदा मी विसरलो होतो. टेबलावर दगड अढळ असतो, चूक सगळी मनगटाची. हातात दोघंही थोडे हलतात, पातं आपणहून टेकतं, आणि दाबायला जोरच मिळत नाही. शेवटच्या फेऱ्यांत पातं पाण्याला चिकटून ओढल्यासारखं चालायला लागलं. टक् नाही. दोन्ही बाजूंना.

भिंगाखाली दोन्ही बाजू सारख्या, धुरकट चमक, दाते नाहीत. हातावरची लव त्वचेला न टेकता तुटते. चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे आणि धार मागे, साठ वेळा.

१ सप्टेंबर, रविवार

दाढी केली. गाल उत्तम, हनुवटीखाली उलट्या दिशेला थोडं ओढलं, पण ते या वस्तऱ्यावर नेहमीच ओढतं. कोटिक्यूलची धार मऊ लागते असं लोक म्हणतात तेव्हा मी हसायचो. आता हसत नाही, पण मान्य करायला अजून दोन दाढ्या पाहिजेत.

७ सप्टेंबर, शनिवार

चांगला वस्तरा लावला. झाला. लिहिण्यासारखं काही नाही, हेच लिहिण्यासारखं.

धाकटा तुकडा घासणदगड म्हणून फार मोठा आहे. एक बाजू ४०, दुसरी ७०, त्यात ३० बाय ४० चा तिरका त्रिकोण बाहेर आलेला. कागदावर आखलं तर त्रिकोण कापला की उरतो ४० बाय ४० चा चौकोन. त्रिकोण घासणदगड म्हणून मला पुरेसा. आणि चौकोन, सांगायलाच नको, ५ ऑगस्टपासून मागून ठेवलेला आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

कापला, तीच तार, तेच पाणी, या वेळी पिवळ्यातून पण जायचं होतं म्हणून दोन तास आणि दीड तार. पिवळ्यात शिरताना वरून चिकटपट्टी लावली होती तरी एक बारीक टवका उडाला, कड गोल करताना तो निघून गेला. चौकोन ६०० वर सपाट करून धाकट्या भावाला दिला. ४० मिलिमीटर म्हणजे पात्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, नवा बेव्हल काढायला नाही पण दर महिन्याला धार ताजी करायला झालं.

रात्री त्याचा फोन. "दादा, मस्त आहे. पण मी याच्यावर गाळ कशाने काढू?"

काडेपेटी उघडली. वॉशिंग मशीनच्या मागचा तो नखाएवढा टवका. ३२० वर एक बाजू सपाट केली, पाच मिनिटं. लाकडाच्या अंगठ्याएवढ्या ठोकळ्यावर उरलेल्या इपॉक्सीने चिकटवलाय. या वेळी काच पुसून घेतली आधी. उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही.